पेशंटसोबत कोण?

दोन्ही हात एकाच वेळी अडकले की माणसाला सगळ्यात आधी काय होतं, तर नाक खाजतं. हे मला कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं. एका हातातून रक्त बाहेर काढायचं, ते पाण्याच्या बाटलीएवढ्या एका नळकांड्यातून फिरवायचं. नळकांड्यात बारीक मणी असतात. रक्तातल्या चवताळलेल्या पांढऱ्या पेशी त्या मण्यांना चिकटून राहतात आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत अंगात येतं. तासाभराचं काम, आठवड्यातून एकदा, आणि तेही सोमवारी, कारण मशीन सोमवारी मोकळं असायचं. ऐकताना सोपं वाटलं होतं. पण दोन्ही कोपरांत सुया घेऊन, हात न वाकवता उताणं पडलं की नाक, डोळा, कपाळावर आलेली बट, यातलं काहीच आपल्या ताब्यात राहत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं.

ती खोली मुळात डायलिसिसवाल्यांची. त्यांचा एकच हात अडकलेला असतो. दुसऱ्या हाताने ते फोन बघतात, इडली खातात, शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी भांडतात. प्रत्येकाच्या शेजारी एक खुर्ची आणि खुर्चीत घरचं कोणीतरी. माझ्या शेजारीही खुर्ची होती. तिच्यात माझी पर्स बसायची.

पहिल्या दिवशी सिस्टरने विचारलं, "पेशंटसोबत कोण?"

"खाली आहेत. चहा प्यायला गेलेत," मी बेधडक सांगितलं. असं म्हणून मी एक अख्खा माणूस जन्माला घातला. पुढच्या सोमवारी तो गाडी लावायला गेला, त्याच्या पुढच्या सोमवारी मेडिकलच्या रांगेत उभा राहिला. सिस्टर मूळची रत्नागिरीकडची, हाताने हलकी आणि तोंडाने फटकळ. ती नुसतं "बरं" म्हणायची आणि सुई लावायची. तिला पहिल्या दिवसापासून कळलं असणार.

आजार माझ्या मोठ्या आतड्याचा. आतून जखमा होतात, रक्त पडतं, दिवसरात्र संडासला पळावं लागतं. बाहेरून कुठला जंतू आलेला नसतो. आपल्याच पेशी आपल्याच आतड्यावर उठतात. गोळ्यांनी काही काळ दम धरला, मग स्टेरॉइड आली. स्टेरॉइडने माझा चेहरा असा गोल केला की बेलापूरच्या आमच्या ऑफिसात लोक "तब्येत सुधारली हां मॅडम" म्हणायला लागले. भारी इंजेक्शनं असतात, पण तरुणपणी मला टीबी होऊन गेलेला, तो त्यांनी परत उसळेल म्हणून डॉक्टर ती द्यायला तयार नव्हते. राहिलं हे रक्त गाळणं. ते लागू पडलं नाही तर मोठं आतडं काढून टाकायचं आणि पोटावर कायमची पिशवी लावायची. सर्जनने फक्त दाखवून ठेवतो म्हणून माझ्या बेंबीच्या उजव्या बाजूला पेनाने एक गोल काढला होता. "बसून बघा, वाकून बघा, साडीच्या निऱ्या कुठे येतात ते बघा," असं तो समजावत होता. माणूस सज्जन होता. पण घरी आल्यावर मी तो गोल अंघोळीच्या दगडाने घासून घासून काढला, कातडी लाल होईपर्यंत. मला ती पिशवी नको होती. दुसरं काही मागणं नव्हतं.

आता हे सांगायचं कोणाला? डोकं दुखतं असं चारचौघांत सांगता येतं, गुडघा दुखतो असं तर लोक अभिमानाने सांगतात. माझा आजार सांगायला गेलं की पहिल्याच वाक्यात संडास येतो. म्हणून मी "पोटाचा जरा त्रास आहे" एवढंच म्हणायचे. मग समोरचा ताबडतोब डॉक्टर व्हायचा. ओवा खा, हिंग लाव, बेलफळाचा मुरांबा घे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तर, "काय टेन्शन घेता मॅडम, अ‍ॅसिडिटी असंल, जिऱ्याचं पानी प्या," म्हणून प्रकरण मिटवून टाकलं. मी टेबल बदलून बाथरूमच्या दाराजवळ घेतलं, तेव्हा तिकडे एसीचा वारा बरा येतो असं सांगितलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. मला थोडा रागच आला त्याचा. इतका चटकन विश्वास ठेवायची काय गरज होती?

मी राहते खांदेश्वर स्टेशनच्या अलीकडच्या जुन्या गावठाणात, एका आगरी बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर. खोली, स्वयंपाकघर, स्वतंत्र संडास. हा स्वतंत्र संडास पुढे किती कामाला येणार आहे हे जागा घेताना मला माहीत नव्हतं. खालच्या मजल्यावर त्या काकी एकट्या. त्यांची भातशेती शहर उभं राहताना गेली. त्या पैशांतून हे घर झालं, मग मुलांनी करंजाड्याला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतले. मुलं दर रविवारी गाडी घेऊन न्यायला येत आणि काकी दर रविवारी, "भारोत्री पोर वर र्‍हाते, तिला पानी कोन सोरंल?" म्हणून त्यांना परत पाठवत. पाण्याची टाकी आपोआप भरायची. मुलांनीच तसं यंत्र बसवून दिलं होतं.

पाच-सहा वर्षं मी वर आणि त्या खाली. जिन्यात भेटलो की, "जेवलीस का गो बाय?" "जेवले काकी." इतकंच. मी फार मोकळी बोलणारी नाही. त्या मात्र कधी खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण पाठवायच्या, कधी सुकटीची चटणी, आणि ते तिखट बघून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. रात्री मी तीनदा, चारदा, कधी सहादा उठायचे. फ्लशचा आवाज खाली जाईल म्हणून फ्लश वापरायचे नाही, मग्याने हळूहळू पाणी ओतायचे. पायात चप्पल घालायचे नाही. बाथरूमच्या खिडकीतून खाली अंगणात बघितलं तर काकींच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याचा पट्टा पडलेला दिसायचा. म्हातारपणी झोप कमी होते, त्यात त्यांचे गुडघे. सकाळी त्या नेहमी म्हणायच्याच, "झोप नाय गो लागली रातभर."

"गुडघ्यांना तेल लावा काकी," मी सल्ला द्यायचे. सल्ले काय, मलाही देता येत होते.

मशीनवर तासभर अडकून पडायचं, तर त्या तासात पोटाने बंड करू नये म्हणून मी रविवारी दुपारनंतर काही खायचेच नाही. सोमवारी सकाळी अंघोळ करून, उपाशीपोटी, पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून निघायचे. दुसऱ्याच सोमवारी काकींनी जिन्याखाली गाठलं.

"उपास हाय का गो आज?"

"हो," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

"गेल्या सोमवारी बी व्हता." त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि चेहऱ्यावर हसू पसरलं. "सोला सोमवार धरलेस! देवलान जातंस ना?"

तळ्याकाठचं शंकराचं देऊळ आमच्या इथून चालत जाण्यासारखं आहे. सोळा सोमवार मुली कशासाठी धरतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, गोल चेहऱ्याची मी नवऱ्यासाठी शंकराला साकडं घालून बसले आहे असं या बाईला वाटतंय, हे लक्षात आलं तेव्हा मला खरं तर जिन्यातच खो खो हसायला आलं होतं. पण त्याहून सोयीचं कारण मला सात जन्मांत सुचलं नसतं. मी मान खाली घातली. लाजल्यासारखी.

"बरा केलास," काकी म्हणाल्या. "देव ऐकतो."

त्या दिवसापासून सोमवारी संध्याकाळी त्यांच्या घरून झाकलेली ताटली यायला लागली. साबुदाण्याची खिचडी. तिच्यात मूठमूठ शेंगदाणे, जाडसर कूट, हिरव्या मिरच्या. माझ्या आतड्याला यातली प्रत्येक वस्तू सुरीसारखी. पण बाई गुडघे धरून जिना चढून आलेली असायची. मग दार लावल्यावर मी ती खिचडी पिठाच्या चाळणीत घ्यायचे, नळाखाली धरायचे, कूट वाहून जाईपर्यंत धुवायचे, दाणे आणि मिरच्या वेचून काढायचे आणि उरलेले पांढरे मणी मीठ घालून खायचे. दोन्ही कोपरांना कापसाचे बोळे चिकटवलेले, आणि मी चाळणीत साबुदाणा धुतेय. हे बघायला कोणी नाही याचं कधी बरं वाटायचं, कधी अजिबात नाही.

तिसऱ्या की चौथ्या सोमवारी व्हायचं ते झालं. मशीन सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, पोटात ती ओळखीची कळ आली. रिकाम्या पोटातसुद्धा येते ती. मी आधी दात दाबून धरले, मग छतावरच्या पंख्याकडे बघत राहिले, मग सिस्टरला हाक मारली. मशीन मध्येच सोडता येत नव्हतं. तिने पडदा ओढला, भांडं आणलं. माझे दोन्ही हात सुयांना बांधलेले. पुढचं सगळं तिने एकटीने केलं, एका शब्दाने काही न बोलता. पडद्यापलीकडे कोणाच्या तरी फोनवर क्रिकेटची कॉमेंट्री चालली होती. मी रडले. डोळे पुसायलाही हात नव्हते, तेही तिनेच पुसले.

सगळं आवरल्यावर ती खुर्चीतली पर्स उचलून स्वतः तिथे बसली. "चहावाले अजून आले नाहीत?"

मी मान पडद्याकडे वळवली.

"हे बघा ताई, आज मी होते. उद्या दुसऱ्या पेशंटला काही झालं तर मी तिकडे पळेन. बीपी उतरलं, चक्कर आली, तुम्हाला घंटीसुद्धा दाबता येत नाही. पुढच्या वेळी माणूस आणा. नाही आणलात तर मी सुई लावणार नाही. रागवा हवं तर."

मी रागावले. रिक्षात बसल्यावर घरापर्यंत रागावलेली होते, आणि राग तिच्यावर नव्हता.

त्या आठवड्यात मी माणूस शोधत होते. गंमत वाटेल, पण भाड्याने रिक्षा मिळते, शिडी मिळते, लग्नाचा शालू मिळतो, तसं तासभर शेजारी बसणारं कोणी कुठे मिळेल याचाही मी विचार करून बघितला. ऑफिसातल्या बाईंना डब्याच्या वेळी विचारायचं ठरवलं. त्या सुनेबद्दल बोलत होत्या, तो विषय संपेपर्यंत सुट्टी संपली. रविवारी नेहमीप्रमाणे साताऱ्याकडून दादाचा फोन आला. आई त्याच्याकडेच असते.

"दादा, उद्या तू…" मी सुरुवात केली.

"बोल की."

मागे आई खोकत होती. टीबी झाला तेव्हा हीच आई माझं ताट-वाटी वेगळं ठेवायची आणि मग मोरीपाशी बसून रडायची. त्यानंतर आलेली दोन स्थळं त्याच कारणाने परत गेली होती. आता पोटावरच्या पिशवीचं कळलं तर दादा पहिल्या एसटीने येईल, नोकरी सोडायला लावील आणि मला त्या घराच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवील. मायेनेच करील, त्यात शंका नाही.

"आवाज का असा यायला लागलाय गं? बरी हायस न्हवं?"

"बरी आहे. आईला खोकल्याचं औषध वेळेवर दे एवढंच सांगायचं होतं."

फोन ठेवला आणि मला फार एकटं वाटलं. आजाराबद्दल मी देवाशी कधी भांडले नव्हते. पण इतकी वर्षं या शहरात काढून, पगार घेऊन, कर भरून, एक तास शेजारी बसायला एक माणूस सापडू नये, याचं मला फार लागलं. त्या रात्री मी ठरवून टाकलं की उद्या जायचंच नाही. काढा म्हणावं आतडं.

सोमवारी सकाळी सवयीने लवकर जाग आली, सवयीने अंघोळ केली. दारावर थाप पडली. काकी. हिरवं कडक लुगडं, गळ्यात ठसठशीत सोनं, हातात पिशवी. पिशवीतून बेलाची पानं डोकावत होती.

"चल. आज मी बी तुज्यासंगती देवलान येतंय."

नाही म्हणायला एकही कारण सुचलं नाही. आम्ही हळूहळू चालत देवळात गेलो. त्यांनी पिंडीवर दूध घातलं, बेल वाहिला, मला नमस्कार करायला लावला. मग गुडघे दुखले म्हणून तळ्याच्या पायरीवर बसल्या. मीही बसले. पाण्यावर कोणीतरी टाकलेले हार तरंगत होते. हॉस्पिटलची वेळ जवळ येत चालली होती आणि मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून सारखी बघत होते.

"काकी, मी सोळा सोमवार करत नाहीये."

त्या तळ्याकडेच बघत राहिल्या. मग मी थांबलेच नाही. आतडं, रक्त, संडास, मशीन, दोन्ही हातांच्या सुया, सर्जनने काढलेला गोल, सिस्टर काय म्हणाली ते, सगळं एका दमात सांगितलं. बाही वर करून कोपरावरचे काळेनिळे डाग दाखवले. मला वाटलं आता बाई छाती बडवील, नाहीतर "आदी नाय सांगायचं?" म्हणून रागावील. त्यांनी त्या डागांवरून एक बोट फिरवलं.

"आज किती वाजता हाय?"

"अकराला."

"मंग बसलीस कशाला हितं?" त्या माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.

मला थोडं फसवल्यासारखंच वाटलं. दोन वर्षं जिवापाड जपलेलं गुपित, आणि त्याचं इतकंच? वय झालंय, नीट समजलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि रिक्षा थांबवली.

सिस्टरने काकींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पेशंटच्या कोण तुम्ही?"

"घरमालकीन."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "घरमालकीण चालेल ना?"

"कोणीही चालेल. फक्त जागं राहणारं पाहिजे. इथे बसून घोरणारे नातेवाईक मी खूप बघितलेत."

"जागी र्‍हायाची मना सवय हाय," काकी म्हणाल्या आणि माझी पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या.

सुया लागल्या. नळीतून रक्त चढायला लागलं, तसा काकींनी पदर तोंडाला लावला, पण नजर हलवली नाही. नळकांड्याकडे बोट करून सिस्टरला विचारलं, "त्याच्यान काय हाय?" सिस्टरने मणी, पेशी, सगळं समजावलं.

"म्हंजे गालनी," काकी म्हणाल्या.

ते ऐकून मला चाळणी आठवली आणि मी तेही सांगून टाकलं. खिचडी कशी धुऊन खायचे ते. आजाराला न हललेली बाई यावर मात्र भडकली. "शेंगदाने धुतलेस? येवरे निवरून निवरून घालतंय मी! तोंड नाय व्हता का तुला? तांदलाची पेज दिली असती!" पलीकडचा डायलिसिसवाला म्हातारा मान वळवून बघायला लागला. मी हसले, आणि हसता हसता नाक खाजलं.

"काकी, नाक."

"कुठं? हितं?"

"जरा वर."

त्यांचं बोट खरबरीत होतं आणि त्याला नारळाचा, बेलाचा वास येत होता. इतक्या आठवड्यांची खाज त्या एका बोटाने गेली. मी डोळे मिटून घेतले.

राहिलेल्या सगळ्या सोमवारी त्या आल्या. मुलांना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. संध्याकाळी खिचडीऐवजी पेज यायला लागली, पातळ, नुसत्या मिठाची. मशीनच्या सगळ्या खेपा संपल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता थांबून बघू. स्टेरॉइड कमी करत आणू. तरी त्रास राहिला तर ऑपरेशन टाळता येणार नाही." म्हणजे पेनाचा गोल अजून पुसला गेलेला नव्हता.

ते थांबणं मशीनपेक्षा वाईट होतं. मशीनपाशी निदान खुर्ची होती. आता मी परत वर आणि काकी खाली. रात्री उठले की वाटायचं, आज कमी वेळा उठले का? की काल जास्त उठले होते म्हणून तसं वाटतंय? माझा माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. पूर्वीसारखंच अनवाणी जायचे, पूर्वीसारखंच मग्याने हळू पाणी ओतायचे आणि खिडकीतून तो दिव्याचा पट्टा बघून परत अंथरुणावर पडायचे.

एका सकाळी दार बडवण्याच्या आवाजाने मी जागी झाले. थाप नव्हे, दोन्ही मुठींनी बडवणं. खोलीत लख्ख ऊन आलेलं. मला आधी कळेचना की मी कुठे आहे. धडपडत जाऊन दार उघडलं तर काकी. केस सुटलेले, पायात चप्पल नाही, धापा टाकताहेत.

"जित्ती हायस?"

"म्हणजे? काय झालं काकी?"

मला बाजूला सारून त्या तडक आत गेल्या, बाथरूमचं दार ढकललं, नळ सोडून बघितला. पाणी आलं. नळ बंद करून त्या दारातच भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"पानी तर हाय," त्या म्हणाल्या. "मंग रातभर पायप का नाय वाजला?"

"कुठला पाईप?"

"तुज्या संडासचा. माज्या उशालाच हाय त्यो, भितीतून खाली जातो. रोज वाजतो."

मी भिंतीकडे बघितलं. "पण मी तर फ्लश कधीच करत नाही रात्री. मग्याने…"

"पानी कसा बी टाक गो. पायप बोलतोच." त्या हळूच खाली बसल्या, माझ्याच उंबऱ्यावर, गुडघे धरून. "दोन वरसां झाली. तू उटलीस का मी बी उटतंय. दिवा लावतंय. तू परत जाऊन निजलीस असा वाटला का मंग इजवतंय. दुसरा काय करनार मी? तू काय बोलत नाय, मी कसा इचारू? म्हनून सोमवार धरलेस तवा बरा वाटला मना. बोलले, पोरीनं देवाला तरी सांगितला."

काल रात्री झोपले ते मी आत्ता उठत होते. मध्ये एकदाही उठले नव्हते. हे मला स्वतःला अजून कळलेलं नव्हतं आणि खालच्या बाईला रात्रीच कळलं होतं.

"काकी, मी झोपले होते," मी म्हटलं आणि रडायला लागले. "रात्रभर झोपले होते मी."

"झोपलीस ना? झोप." त्यांनी पदराने आधी माझं नाक पुसलं, मग स्वतःचे डोळे. "तू झोपलीस आन् मी इकरं डोला नाय लावला. आता वाजंल, मंग वाजंल, ऐकत बसले भितीला कान लावून."